गहाण पडलेले सोने

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरात पाटावर वही, केरसुणी, बत्तासे आणि आईच्या दोन पाटल्या मांडल्या जात. 1973 सालच्या दिवाळीत पाटल्यांची जागा रिकामी होती. माझ्या कॉलेजच्या फीसाठी त्या शहापुरातल्या एका सावकाराकडे गेल्या होत्या. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे तीन वर्षांनी पाटल्या परत आल्या, तेव्हा त्यांनी त्या आधी देवापुढे ठेवल्या आणि मग आईच्या हातात दिल्या. मी पुढे बँकेत लागलो आणि सोनेतारणाच्या टेबलावर अनेक वर्षे बसलो. गहाण टाकायला आलेल्या माणसाची नजर कधी वर नसते, हे तिथे रोज पाहिले.

म्हणूनच 1991 च्या जुलैत देशाचे सोने परदेशी गेल्याची बातमी वाचली, तेव्हा मला पहिल्यांदा वडिलांचे ते उपाशी ताट आठवले.

ही वेळ एका दिवसात आली नव्हती. आखाती युद्धाने तेल महागले, अनिवासी भारतीय आपल्या ठेवी काढून घेऊ लागले, आणि सरकारच्या तुटीचे दुखणे जुनेच होते. गंगाजळी इतकी आटली की दोन-तीन आठवड्यांची आयात भागेल एवढेच परकी चलन हाती उरले. चंद्रशेखर यांचे सरकार असताना मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत 20 टन सोने स्वित्झर्लंडच्या बँकेला परत खरेदीच्या बोलीने विकले गेले. हे सोने चोरट्या व्यापाऱ्यांकडून जप्त केलेले होते. जुलैत, नरसिंह राव यांच्या सरकारच्या काळात, रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतले जवळजवळ 47 टन विमानाने रवाना झाले आणि ते बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण पडले. त्यावर सुमारे 40 कोटी डॉलर मिळाले. ज्या लंडनच्या पेढीवर आपला रुपया अनेक दशके टांगलेला होता, तिच्याच दारात आपण पुन्हा उभे राहिलो होतो.

ही जुनी गोष्ट थोडी उकलून सांगायला हवी. 1893 पर्यंत कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी रीत होती. युरोपातले देश एकामागून एक सोन्याकडे वळले, चांदीचा भाव कोसळला आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. तेव्हा सरकारने लोकांसाठी टांकसाळींची दारे बंद केली. रुपया चांदीचाच राहिला, पण त्याची किंमत 1 शिलिंग 4 पेन्स अशी बांधून दिली गेली. नाणी पाडण्यातून जो नफा होई त्याची सुवर्णनिधी म्हणून गाठोडी बांधली आणि ती बहुतांशी लंडनमध्ये रोख्यांच्या रूपाने ठेवली. नाव सोन्याचे, आत कागद.

या व्यवस्थेची भलामण जॉन मेनार्ड केन्स यांनी 1913 मध्ये पुस्तक लिहून केली. दहा वर्षांनी तिचे वाभाडे काढले ते आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात. नाणे किती काढायचे याला जर सरकारच्या मर्जीखेरीज दुसरा लगाम नसेल, तर भाव वाढतील आणि त्याची झळ तुटपुंज्या मजुरीवर जगणाऱ्याला आधी लागेल, हा त्यांचा रोख होता. विनिमयाचा दर सांभाळणे म्हणजे रुपयाची खरेदीशक्ती सांभाळणे नव्हे, हा भेद त्यांनी दाखवला. 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. बाबासाहेबांचे हे अर्थशास्त्र आपल्याकडे जयंतीच्या भाषणांत फार क्वचित येते, याची मला खंत वाटते.

1927 च्या कायद्याने सोन्याचा भाव तोळ्याला 21 रुपये 3 आणे 10 पै ठरला. चार वर्षांत, 1931 च्या सप्टेंबरात, इंग्लंडनेच सोन्याची साथ सोडली. मंदीने शेतमालाला भाव नव्हता, सारा आणि सावकार मात्र थांबायला तयार नव्हते. बाजारात सोने चढले आणि गावोगावच्या बायकांच्या अंगावरचे डाग मोडून शेकडो कोटी रुपयांचे सोने बोटीने मुंबईहून बाहेर गेले. 1991 च्या विमानांची चर्चा झाली. त्या बोटींतल्या नथींचा आणि पुतळ्यांचा हिशेब कोणी विचारला नाही.

रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्यात नोटांमागे चाळीस टक्के सोने व स्टर्लिंग रोखे ठेवण्याचे बंधन होते. पंचवार्षिक योजनांना पैसा हवा झाला, तेव्हा ते 1956 मध्ये गेले. त्याच वेळी बँकेच्या वहीत सोन्याचा भाव तोळ्याला साडेबासष्ट रुपये केला गेला. 1957 पासून नियम एवढाच आहे की एकूण 200 कोटी रुपयांचा साठा असावा, पैकी 115 कोटींचे सोने. नोटा कितीही काढा. म्हणजे नोटेवरच्या वचनामागे आज सोने नाही, सरकारची पत आहे.

मग देश सोने ठेवतात तरी कशाला? 1971 मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले, तेव्हा अनेकांना वाटले की या धातूचे राज्य संपले. पण पत नाहीशी झाली की कोणाच्या सहीवाचून चालणारी वस्तू तीच उरते, हे 1991 ने दाखवले.

त्या जुलैत मी आईला बातमी वाचून दाखवली आणि म्हणालो, “देशाची लाज गेली बघ.” ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “गहाण ठिवलं म्हणून कसली लाज रे? सोडवून आणलं न्हाई तर लाज.”

कर्ज त्याच वर्षाच्या अखेरीआधी फिटले. सोने मात्र सोयीसाठी तिकडेच ठेवले गेले. 2009 मध्ये आपण नाणेनिधीकडून 200 टन सोने 670 कोटी डॉलर मोजून विकत घेतले. 2024 मध्ये बातमी आली की रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमधले सुमारे 100 टन देशात आणले. 2025 च्या मार्चअखेर बँकेकडे सुमारे 880 टन सोने होते.

ती 2024 ची बातमी वाचून दाखवायला आई नव्हती. त्या दिवाळीत तिच्या पाटल्या पाटावर मांडताना हात जरा थांबला. वडिलांना त्या दिवशी जी लाज वाटली, ती मी आयुष्यभर खरी मानत आलो होतो. तीन वर्षे पोटाला चिमटा घेऊन पाटल्या सोडवून आणणाऱ्या माणसाला लाजण्याचे काही कारण नव्हते, हे त्यांना सांगायचे राहून गेले.