प्रयत्नाचे देणे

इंग्रजीतील ‘एन्डेव्हर’ या शब्दाचे भाषांतर आम्ही ‘प्रयत्न’ असे करतो आणि मोकळे होतो. ते चूक नव्हे. परंतु त्या शब्दाच्या पोटातील अर्थ त्यात निसटतो.

हा शब्द फ्रेंचमधून आला. ‘देव्हुआर’ म्हणजे कर्तव्य. ‘स्वतःला कर्तव्यात घालणे’ या वाक्प्रचारातून सुमारे सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजीने हे क्रियापद घडविले. त्यामागे लॅटिन ‘देबेरे’ आहे, म्हणजे देणे लागणे. कर्जासाठी असलेला ‘डेट’ हा इंग्रजी शब्दही त्याच मुळाचा. उलट ‘अँबिशन’ या शब्दाचे मूळ रोममध्ये मते मागत दारोदार फिरण्यात आहे. एकात मागणे आहे, तर दुसऱ्यात फेडणे.

आमच्या ‘प्रयत्न’, ‘धडपड’, ‘खटपट’ या शब्दांत कष्ट आहेत, ऋण नाही. तरीही ‘समाजाचे आपण काही देणे लागतो’ असे मराठी माणूस सहज म्हणतो. ‘एन्डेव्हर’चे खरे भाषांतर या वाक्यात सापडते.

नागपूरकरांना याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली, भोसल्यांचे राज्य असताना, येथे आले. त्यांनी शाळा चालविली, रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म अभ्यासले आणि गोंडांची भाषा व गीते टिपून ठेवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. टिपणे अपुरीच राहिली. सर रिचर्ड टेंपल यांनी ती संपादून १८६६ साली प्रसिद्ध केली. हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ साली उभे राहिले, तेही त्यांच्या पश्चात.

यशाच्या मापाने मोजले तर हे आयुष्य अर्ध्यावर तुटले. ऋणाच्या मापाने मोजले तर हिशेब निराळा होतो: एकाच्या हातून राहिलेला हप्ता दुसऱ्याने भरला.

आज आम्ही मुलांना ‘प्रयत्न कर’ असे सांगतो, तेव्हा बहुधा ‘इतरांच्या पुढे जा’ एवढेच आमच्या मनात असते. ती ‘अँबिशन’ झाली. त्याच दमात ‘तू कोणाचे देणे लागतोस?’ हेही आम्ही विचारले, तर त्या जुन्या शब्दाचा अर्थ घरात उतरेल; आणि परीक्षेत मागे पडलेल्या मुलालाही आपले कष्ट वाया गेले असे वाटणार नाही.