शेऱ्याचा रकाना

मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे डेपो आहेत. तिथून टँकर रवाना करण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. टेबलावर लाल पुठ्ठ्याचं लांबलचक रजिस्टर असायचं. गाडी नंबर, ड्रायव्हर, पंप, पेट्रोल किती, डिझेल किती, आरटीकेएम (म्हणजे जाऊन-येऊनचे किलोमीटर, ट्रान्सपोर्टरचं भाडं त्यावरच निघायचं) आणि सगळ्यात शेवटी एक चिंचोळा रकाना: शेरा. बाकीचे रकाने हिशेबासाठी होते. शेरा मात्र आमचे वरिष्ठ तात्या सकाळी चहाच्याही आधी वाचायचे. ‘दुपारी दोन ते चार पंपावर माल उतरवून घ्यायला कुणी नसतं.’ ‘वीस हजारी गाडी आत वळत नाही.’ ‘कन्नड घाटात रात्री नको.’ हे वाचून झालं की तात्या पेन्सिलीने फेऱ्या लावायला बसत.

गाड्यांचे मार्ग ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास मी निवृत्तीनंतर वाचायला घेतला आणि सुरुवातीलाच हसू आलं. ही विद्या टँकरपायीच जन्माला आली आहे! १९५९ साली जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅमसर या दोघांनी अमेरिकेत एक निबंध छापला. विषय असा: एक तेलाचा डेपो, भोवती पुष्कळ पेट्रोलपंप, प्रत्येकाची मागणी वेगळी, टँकरची क्षमता ठरलेली, तर कमीत कमी अंतरात सगळ्यांना माल कसा पोचवायचा? त्यांच्या उदाहरणात पंप होते अवघे बारा. पण एकाच गाडीने बाराही पंप करायचे म्हटले, तरी ते कोणत्या क्रमाने घ्यायचे याचे पर्याय ४७ कोटी ९० लाखांच्या वर जातात. म्हणून सगळे पर्याय न तपासता चांगल्या उत्तराजवळ नेणारी रीत त्यांनी सुचवली. हे गणित हातानेही होईल आणि यंत्रानेही, असं सांगून त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं होतं की, प्रत्यक्षात अजून कुणी ते वापरलेलं नाही.

प्रत्यक्षातला माणूस आला तो मँचेस्टरहून. जी. क्लार्क तिथल्या सहकारी घाऊक संस्थेत नोकरीला होते. जे. डब्ल्यू. राइट या अध्यापकासोबत त्यांनी १९६४ मध्ये जी रीत मांडली तिला ‘बचतीची रीत’ म्हणतात. ती मला पहिल्या वाचनात कळली, कारण तात्या तेच करत. समजा, डेपोपासून एक पंप ३० किलोमीटरवर आहे, दुसरा ४० वर आणि त्या दोघांत अंतर १५. दोन गाड्या वेगळ्या पाठवल्या तर एकूण १४० किलोमीटर. एकाच टँकरच्या कप्प्यांत दोघांचा माल भरला तर ३० अधिक १५ अधिक ४०, म्हणजे ८५. बचत ५५. अशी प्रत्येक जोडीची बचत काढायची, मोठ्या बचतीची जोडी आधी जुळवायची आणि टँकर भरला की थांबायचं. तात्यांनी क्लार्कचं नाव ऐकलं असण्याची सुतराम शक्यता नव्हती. ते याला ‘एका दगडात दोन पंप’ म्हणायचे.

आता एवढ्यावर भागत असतं तर शेऱ्याचा रकाना कशाला हवा होता? या गणितात अंतर होतं, वजन होतं, पण दुपारी दोन ते चार नव्हतं. तीही उणीव पुढे लोकांना जाणवली. ठरलेल्या वेळेतच माल घेणाऱ्या गिऱ्हाइकांचं गणित बऱ्याच जणांनी हाताळलं. मॅरियस सॉलोमन यांनी १९८७ मध्ये त्याच्या रीती पारखायला जी उदाहरणं बनवली, त्यांवर आजही नव्या रीती घासून बघतात. आमच्या रजिस्टरमधला एक शेरा असा गणितात शिरला.

दरम्यान १९८३ मध्ये अटलांटा शहरातल्या म्हाताऱ्या-आजारी माणसांना घरपोच जेवण देणाऱ्या एका संस्थेसाठी जॉन बार्थोल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरशिवाय व्यवस्था लावली. एक नकाशा, आकड्यांचा एक तक्ता आणि कार्डांचे दोन संच. नवं नाव आलं की तक्त्यातून त्या जागेचा आकडा बघायचा आणि कार्ड त्या क्रमाने खोचायचं. कार्डांचा क्रम तोच गाडीचा मार्ग. रोज बदलणाऱ्या यादीला याहून सुटसुटीत उपाय माझ्या तरी वाचनात नाही.

मग मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि गाडी नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे ते कळू लागलं. यूपीएस या कुरिअर कंपनीने ‘ओरायन’ नावाची प्रणाली बरीच वर्षं खपून बनवली आणि गेल्या दशकात अमेरिकेतल्या सुमारे ५५ हजार मार्गांवर ती आणली. तिथेही अडलं ते शेऱ्यापाशीच. कागदावर सर्वांत कमी अंतराचा मार्ग रोज बदलायचा. ड्रायव्हरला आणि गिऱ्हाइकाला रोजचं वळण सोडवेना. शेवटी थोडं अंतर सोडून सवयीलाही गणितात जागा द्यावी लागली.

माझ्या नोकरीच्या अखेरीस आमच्याकडेही स्क्रीन आली. पहिल्याच आठवड्यात तिने निफाडची गाडी लासलगावातून काढली. अंतर खरोखर कमी होतं. पण दिवस कांद्याचे. बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची रांग, मध्ये आमचा टँकर, आणि फोनवर ड्रायव्हर: “साहेब, हे तुमच्या मशीनला कुणी सांगितलं नव्हतं का?” नव्हतं सांगितलं. त्या प्रणालीत लिहायला जागाच नव्हती. मी ते जुन्या रजिस्टरमध्ये लिहिलं.

तरी मी यंत्राच्या विरोधात नाही. तात्यांना एका सकाळी वीस-पंचवीस फेऱ्या जुळवताना घाम फुटायचा. यंत्र हजारो जुळवतं, दमत नाही आणि कुणाच्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टरला जास्त किलोमीटरची फेरी देत नाही. हा शेवटचा गुण तर मी फार मोठा मानतो. पण १९५९ पासूनचा हा सगळा प्रवास बघितला, तर अंतराचं कोडं सोडवल्यावर पुढची पावलं पडली ती ड्रायव्हरचा एकेक शेरा गणितात घेत घेतच. तेव्हा तुमच्या गोदामात असं सॉफ्टवेअर येणार असेल, तर विकायला आलेल्याला किंमत विचारण्याआधी एक विचारा: यात शेऱ्याचा रकाना कुठे आहे, आणि तो रोज सकाळी वाचणार कोण?