पडद्यामागचा लाउडस्पीकर : श्रवणचाचणीच्या शास्त्राची प्रस्तावना

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी अमेरिकेतल्या हरमन कंपनीच्या चाळीस कर्मचाऱ्यांना चार लाउडस्पीकर ऐकवले. तीन मोठे, देखणे आणि महाग होते. चौथा संच छोटा आणि स्वस्त. सगळ्यांनी ते दोन प्रकारे ऐकले. एकदा लाउडस्पीकर डोळ्यांसमोर होते, एकदा आवाज आरपार जाऊ देणाऱ्या पडद्यामागे. पडदा होता तेव्हा छोटा संच मोठ्यांच्या फार मागे नव्हता. पडदा हटला, समोर काय आहे ते दिसले, आणि त्याचे गुण घसरले; मोठ्यांचे वाढले. हे ऐकणारे सगळेच नवखे नव्हते. ध्वनी हाच त्यांच्या कंपनीचा धंदा होता, आणि बहुतेकांची अशी खात्री असणार की दिसण्याचा आपल्या कानांवर काही परिणाम होत नाही.

या प्रयोगाचा एवढाच भाग सहसा सांगितला जातो. मला त्याचा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. लाउडस्पीकरची खोलीतली जागा बदलली की त्याचा आवाज खरोखरच बदलतो. भिंत किंवा कोपरा जवळ आला की खालचे स्वर फुगतात, दूर गेला की उतरतात. पडद्यामागून ऐकताना लोकांनी हा बदल ओळखला आणि त्यानुसार गुणही बदलले. लाउडस्पीकर दिसत असताना मात्र तोच बदल त्यांच्या हातून बराचसा निसटला. मोठी पेटी समोर उभी आहे, तिच्याविषयीचे मत ठरलेले आहे, मग ती कुठेही ठेवा. म्हणजे नसलेला फरक ऐकू येणे हे अर्धेच नुकसान झाले. असलेला फरक ऐकू न येणे हे उरलेले अर्धे, आणि त्याची चर्चा फारच थोडी होते.

अशा पडद्यामागच्या, म्हणजे अंध, चाचणीला विरोध करणारे म्हणतात की तिच्यात कानांवर अविश्वास आहे. माझे मत नेमके उलट आहे. निर्णय फक्त कानांनीच द्यावा, किंमत, नाव, वजन, रंग यांनी त्यात तोंड घालू नये, असा आग्रह धरणारी ध्वनिक्षेत्रातली दुसरी पद्धत मला ठाऊक नाही. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने ही एक गोष्ट मनाशी धरली तर पुढचे सगळे सोपे जाईल.

पूर्वग्रह म्हटले की आपल्याला लबाडी किंवा निदान भोळेपणा आठवतो. इथे दोन्हींचा संबंध नाही. मेंदू आवाज एकटा कधी ऐकतच नाही. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की कानावर 'बा' पडत असताना डोळ्यांना 'गा' म्हणणारे ओठ दिसले, तर माणसाला अनेकदा 'दा' ऐकू येते. आणि ही युक्ती माहीत असूनही ती टळत नाही. २०१३ मध्ये चिया-जुंग त्साय यांनी संगीतस्पर्धांच्या अंतिम फेऱ्यांवर प्रयोग केला. विजेता कोण हे ओळखायला सांगितले, तेव्हा फक्त मूक चित्रफीत पाहणाऱ्यांना फक्त ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त यश आले. यात व्यावसायिक संगीतकारही होते. तेव्हा 'मी अनुभवी आहे, मला फसवता येणार नाही' या म्हणण्याला या शास्त्रात आधार नाही. अनुभवी माणसाने आणखी कसून पडदा मागावा, कारण त्याच्या डोक्यातल्या अपेक्षाही अधिक आणि अधिक पक्क्या असतात.

पडदा लावला म्हणजे चाचणी झाली, असे मात्र नाही. सगळ्यात मोठा घोळ आवाजाच्या पातळीत असतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले की पातळी कमी-जास्त झाली की खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांविषयीची कानाची संवेदनाही वेगवेगळ्या प्रमाणात बदलते. एक अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यापेक्षा अर्ध्या डेसिबलने वर वाजत असेल, तर ऐकणारा 'हा मोठा वाजतोय' असे म्हणत नाही. तो म्हणतो, याचा बेस भरदार आहे, गळा मोकळा वाटतो, वाद्ये सुटी-सुटी ऐकू येतात. दुकानातल्या कित्येक पसंती याच अर्ध्या डेसिबलवर उभ्या असतात. म्हणून गंभीर चाचणीत दोन उपकरणांची पातळी एक दशांश डेसिबलपर्यंत जुळवतात, आणि तीही कानाने न जुळवता लाउडस्पीकरच्या टोकांना व्होल्टमीटर लावून.

दुसरी अडचण स्मरणाची. बारीक ध्वनिभेद मनात काही सेकंदच ताजे राहतात. केबल बदलायला पाच मिनिटे गेली की आपण आवाजाची तुलना आवाजाशी करत नाही, मघाशी मनात तयार झालेल्या शब्दांशी करतो. हरमनने यासाठी एक खास खोली बांधली. तिथे हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा पडद्यामागे एक लाउडस्पीकर बाजूला सारून दुसरा अवघ्या काही सेकंदांत नेमका त्याच जागी आणते. जागेचा परिणाम केवढा असतो हे वर आलेच आहे.

चाचणी घेणाऱ्यालाही उत्तर माहीत नसावे, म्हणजे ती दुहेरी अंध असावी, हा नियम काहींना अती वाटतो. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गणिते सोडवणारा एक घोडा प्रसिद्ध होता. त्याचा मालक लबाड नव्हता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये उलगडून दाखवले की बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यात आणि शरीरात नकळत सूक्ष्म हालचाल होते, आणि ती पाहून घोडा खूर आपटायचा थांबतो. घोड्याला जे कळते ते मित्राच्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसालाही कळते.

आता एबीएक्स नावाची चाचणी. तिचे मूळ मन्सन आणि गार्डनर यांच्या १९५० च्या लेखात आहे. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी तिच्यासाठीचे दुहेरी अंध उपकरण ध्वनिअभियंत्यांपुढे मांडले. ऐकणाऱ्याला 'ए' आणि 'बी' माहीत असतात. 'एक्स' हा त्या दोहोंपैकीच एक, पण कोणता ते यंत्र ठरवते. हवे तितक्या वेळा फिरून-फिरून ऐका आणि सांगा. सोळापैकी बारा वेळा किंवा त्याहून अधिक वेळा बरोबर आले, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. पण इथे एक सावधगिरी हवी. वीस मित्रांनी प्रत्येकी दहा वेळा नुसता अंदाज ठोकला, तरी त्यातल्या किमान एकाला आठ किंवा जास्त गुण मिळण्याची शक्यता जवळजवळ ६८ टक्के आहे. त्या एकाला 'सोनेरी कानांचा' ठरवून मोकळे होऊ नये. त्याला पुन्हा बसवावे.

या पद्धतीने कशाचा निकाल लागला? मायर आणि मोरान यांनी २००७ मध्ये उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत साध्या सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला आणि तो ओळखायला सांगितले. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकच. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा एकूण यश ५२ टक्क्यांच्या आसपास निघाले; प्रशिक्षित श्रोत्यांचे त्याहून बरेच चांगले. फरक आहे, पण फार लहान, आणि तो ऐकायला शिकावे लागते. ज्यांना वाटते की अंध चाचणी नेहमी 'सगळे सारखेच' असे सांगते, त्यांनी हे आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

वाद्यांच्या जगातला प्रयोग तर मला या क्षेत्रातला सर्वांत सुंदर वाटतो. २०१० मध्ये इंडियानापोलिसच्या व्हायोलिन स्पर्धेच्या वेळी क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांनी २१ वादकांना सहा व्हायोलिने वाजवायला दिली: तीन नवी, दोन स्त्रादिव्हारी आणि एक ग्वार्नेरी. खोलीत अंधूक उजेड, वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे, आणि जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या टेकूखाली अत्तर. कोणते व्हायोलिन घरी न्यायला आवडेल, या प्रश्नावर तेरा जणांनी नवे निवडले. सगळ्यांत कमी पसंतीचे ठरले ते एक स्त्रादिव्हारी. पुढे पॅरिस आणि न्यूयॉर्कमधल्या सभागृहांत श्रोत्यांवरही प्रयोग झाले, आणि नवे-जुने ओळखणे त्यांनाही साधले नाही. आपल्याकडे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंतुवाद्यांची जवारी लावणारा कारागीर आजही कानावरच विसंबतो. दोन तंबोरे पडद्यामागे ठेवून गवयांना असेच विचारले, तर त्या कानाचा मान वाढेलच, असे मला मनापासून वाटते.

मर्यादाही सांगायला हव्यात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडिश रेडिओने ध्वनी दाबून साठवण्याच्या पद्धतींची मोठी अंध चाचणी घेतली. साठ जाणकार श्रोते, वीस हजार निरीक्षणे. नंतर बार्ट लोकँथी या अभियंत्यांनी त्या चाचणीची ध्वनिफीत आपल्याकडे ऐकली, तेव्हा दीड हजार हर्ट्झजवळचा एक बारीक दोष त्यांना स्पष्ट जाणवला. एवढ्या सगळ्यांच्या हातून तो सुटला होता. 'ओळखता आला नाही' आणि 'नाहीच' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पण याचा अर्थ चाचणी टाकून द्यावी असा होत नाही; काय ऐकायचे हे श्रोत्यांना आधी शिकवावे, असा होतो. घाईत, दडपणाखाली बारकावे कळत नाहीत, ही तक्रारही रास्त आहे. त्यावर उपाय सोपा आहे: बंद डब्यातले उपकरण घरी न्या, महिनाभर ऐका. अंध चाचणी छोटीच असावी असे कुणी ठरवलेले नाही.

आणि एक आनंदाची गोष्ट. आवड ज्याची त्याची, असे आपण मानून चालतो. ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये २६८ श्रोत्यांचे निकाल प्रसिद्ध केले; त्यात विक्रेते होते, समीक्षक होते, विद्यार्थी होते. पडद्यामागच्या चार लाउडस्पीकरांचा पसंतीक्रम प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित श्रोत्यांत जवळजवळ सारखाच निघाला. प्रशिक्षितांची गुण देण्यातली सुसंगती मात्र कितीतरी अधिक होती. पुढच्याच वर्षी त्यांनी सत्तर लाउडस्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचा अंदाज बांधणारे सूत्र दिले, आणि त्याचा प्रत्यक्ष पसंतीशी ०.८६ इतका सहसंबंध आला. चांगल्या आवाजाविषयी माणसांचे एकमत होऊ शकते. डोळे उघडे असताना ते विस्कटते, एवढेच.

वाचकाला एवढेच सांगेन, की पुढचे वाचण्याआधी एक चाचणी स्वतः घेऊन पाहा. एक पातळ काळे कापड, आवाजाची पातळी मोजणारा एक साधा मीटर, नाणे उडवून क्रम ठरवणारा एक मित्र आणि कागदावर उत्तरे लिहिण्याची शिस्त एवढे पुरते. मित्राला तुमच्या नजरेआड बसवा आणि उत्तरे शेवटपर्यंत तपासू नका. सुरुवात केबलपासून करू नका, लाउडस्पीकरपासून करा. तिथले फरक मोठे असतात, आणि पडद्यामागूनही ते तुम्हाला ऐकू येतील.