कपबशीवरची लढाई

मंडळी, पंचवटीत आपण तांब्या-पितळेच्या भांड्यांत वाढलो. आज जरा चिनी मातीकडे वळू.

जर्मनीतल्या माइसेनला पोर्सिलेनचा कारखाना निघाला 1710 मध्ये. पुढं तिथल्या चहा-कॉफीच्या संचांवर फुलांबरोबर लढायाही आल्या : घोडेस्वार, तंबू, तोफांचा धूर. झिलईवर चित्र काढायचं आणि पुन्हा भट्टीत घालायचं. हा रंग उन्हानं विटत नाही, वापरानं झिजतो. म्हणून जुन्या कपाची सोनेरी कड शाबूत दिसली, तर समजावं, तो ओठाला फारसा लागलेला नाही. तो होता दाखवायला.

याचा आपल्याशी संबंध काय? आहे. 1803 मध्ये, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. हाच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. प्रशियाच्या राजानं त्याला बर्लिनमध्ये 1816 ते 1819 या काळात घडवलेला पोर्सिलेनचा संच भेट दिला. चहाचा नव्हे, जेवणानंतरच्या गोडाधोडाचा. ताटल्यांवर वेलिंग्टनचं आयुष्य, त्यात हिंदुस्थानही. लंडनच्या अ‍ॅप्सली हाउसमध्ये तो आजही मांडलेला आहे. तिकडं ते रंगकाम चालू होतं आणि इकडं, 1818 मध्ये, आपला त्र्यंबकगड पडला, पेशवाई बुडाली.

असईत इंग्रजांच्या बाजूनं पडलेल्यांतही आपल्याकडचे शिपाई पुष्कळ होते. पण ताटल्यांचा नायक एकच. तेव्हा असं भांडं दिसलं, तर चित्र किती सुबक ते नंतर पाहू. आधी विचारू : हे कुणी, कुणाला आणि कशाबद्दल दिलं?