कंपवात: सहा माणसांपासून ८५ लाखांपर्यंत

आजच्या एपिसोडमध्ये राजे नाहीत, लढाया नाहीत, किल्ले पण नाहीत. आज एका आजाराच्या मोजणीचा इतिहास. आजार म्हणजे पार्किन्सन्स, आपल्याकडचं जुनं नाव कंपवात. मी नांदेडचा, पोटासाठी पुण्यात कोड लिहितो. आकड्यांशी रोजचंच नातं, पण या आजाराचे आकडे बघून चक्रावलो.

१८१७. लंडनमधला जेम्स पार्किन्सन नावाचा डॉक्टर एक छोटं पुस्तक काढतो. त्यात रुग्ण किती? सहा. त्यातले काही तर त्याने रस्त्यावर येता-जाता पाहिलेले! थरथरणारा हात, पुढे झुकलेलं अंग, तोल सावरायला पळत सुटल्यासारखी पावलं. पुढे फ्रान्सच्या शार्कोने आजाराला त्याचं नाव दिलं. आणि २०१९ मध्ये डब्ल्यूएचओचा अंदाज होता, जगात ८५ लाखांहून जास्त रुग्ण.

आता आपल्याकडे या. मुंबईत डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी कॉलन्यांमध्ये घरोघर जाऊन सुमारे १४ हजार लोकांची पाहणी केली. १९८८ मध्ये निकाल छापून आला: लाखामागे ३२८ रुग्ण. बंगळुरू भागातल्या तशाच घरोघरच्या मोजणीत लाखामागे ३३ च्या आसपास. सरळ दहापट फरक! पारशी समाजात वयस्कर माणसं जास्त, हे एक कारण. हा आजार बहुतेक साठीच्या पुढचा, त्यामुळे जिथे म्हातारी माणसं जास्त तिथे आकडा चढणारच.

मग मी काय केलं, हेच दर आपल्याला लावून बघितले. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्हा ३३.६ लाख, लातूर २४.५ लाख. मिळून ५८ लाख. बंगळुरूचा दर लावला तर १,९०० रुग्ण. पारशांचा लावला तर १९ हजार. आपलं वयोमान पारशांसारखं नाही, त्यामुळे १९ हजार हे जास्तच होईल. पण १,९०० धरले तरी विचार करा, यातल्या किती जणांच्या फाइलवर ‘पार्किन्सन्स’ लिहिलेलं असेल?

माझ्या आजोबांच्या फाइलवर नव्हतं. चालताना डावा हात हलायचा नाही, सही बारीक होत गेली. खांदा आखडलाय म्हणून दीड वर्ष शेक आणि गोळ्या. थरथर नव्हती ना, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आता हे लक्षात ठेवा, बऱ्याच रुग्णांचा हात थरथरतच नाही. शेवटी हैदराबादला नेलं. तिथल्या न्यूरोलॉजिस्टने ‘जरा चालून दाखवा’ म्हटलं, आणि दहा मिनिटांत निदान.

हैदराबादच का? त्यालाही इतिहास आहे. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, आणि दुखणं मोठं असलं की नांदेडकर आजही तिकडचीच गाडी पकडतो. लातूरकर सोलापूर नाहीतर पुणं गाठतो. नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज १९८८ चं. म्हणजे मुंबईत पारशांची मोजणी छापून आली, त्याच वर्षी आपल्याकडे कॉलेज उघडत होतं! लातूरचं तर २००२ चं.

दवाखान्यांवरचा बोजा पण सरळ दिसत नाही. कंपवाताचा रुग्ण पडतो, खुब्याचं हाड मोडतं, रजिस्टरमध्ये ‘फ्रॅक्चर’. गिळताना घास श्वासनलिकेत जातो, रजिस्टरमध्ये ‘न्यूमोनिया’. मूळ आजार कागदावर येतच नाही. आणि खरा बोजा खाटेवर नसतो, तो घरातल्या बाईवर असतो. आमच्याकडे आईवर होता. आजोबांची गोळी दिवसातून चार वेळा. वेळ चुकली की माणूस खुर्चीतच अडकला. जेवणातल्या प्रोटीनमुळे गोळीचा असर कमी होऊ शकतो, म्हणून डाळ-दुधाचंही घड्याळ आईनेच सांभाळायचं. तिने शेतावर जाणंच सोडलं. हा खर्च कुठल्या आकड्यात धरायचा?

त्या गोळीची गोष्ट मात्र भारी आहे. तिचं नाव लेवोडोपा. बांधावर येते ती खाजकुयली माहितीय ना, अंगाला लागली की खाजवून जीव जातो ती? तिच्या बियांत हेच रसायन असतं. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. पण मेंदूत डोपामीन कमी पडतं म्हणून हा आजार होतो, हे कळायला १९६० उजाडलं, आणि १९६७ मध्ये कोत्झियासने मोठ्या डोसचा गुण दाखवला. (बांधावरच्या बिया कुटून देऊ नका हं! डोसचा हिशोब राहत नाही.)

अजून एक गोष्ट आपल्या भागाशी थेट जोडलेली. पॅराक्वाट हे तणनाशक आणि पार्किन्सन्स यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे विकलं जातं, आणि फवारणारा माणूस तोंडाला उपरणं बांधतो, बास.

मुंबईत पीडीएमडीएस ही संस्था २००१ पासून रुग्ण आणि घरच्यांसाठी गट चालवते. पुण्यातही पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मराठीत बोलणारं. फोनवर शोधलं की सापडतं. आणि यंदा दिवाळीला गावी गेलात, आजी-आजोबांची चाल मंदावलेली वाटली, एक हात लटकलेला दिसला, तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांना तो दाखवा.