नवी जमीन कोणाची? अमेरिकेची गुलामगिरी, फुल्यांचे पुणे आणि आपला सातबारा

'गुलामगिरी' हा ग्रंथ तात्यासाहेब जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेच्या लोकांना अर्पण केला, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असते. भाषणात त्याचा उल्लेखही होतो. पण अमेरिकेत गुलामगिरीवरून नेमके काय घडले, हे आपण फारसे वाचत नाही. काही दयाळू गोऱ्यांना कीव आली, लढाई झाली आणि गुलाम सुटले, एवढ्यावर आपण थांबतो. प्रत्यक्षात त्या संघर्षाच्या मुळाशी एक रोखठोक प्रश्न होता. देश पश्चिमेकडे पसरतो आहे, ही नवी जमीन कोणाची?

अमेरिकेच्या राज्यघटनेने सुरुवातीलाच तडजोड केली. १७८७ साली ठरले की प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरायची. मत गुलामाला नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जास्त जागा! १८०३ साली फ्रान्सकडून लुईझियानाचा प्रचंड प्रदेश विकत घेतला गेला आणि देशाचा आकार जवळपास दुप्पट झाला. सरकी काढण्याचे यंत्र आले होते, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता. १७९० साली सुमारे ७ लाख असलेले गुलाम १८६० साली सुमारे ४० लाख झाले. जुन्या राज्यांतून सुमारे १० लाख गुलामांना नव्या कापूसपट्ट्यात नेले गेले. आई एकीकडे, लेकरू दुसरीकडे.

ती जमीन रिकामी होती का? नाही. तिथे चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ असे मूळ रहिवासी राहत होते. १८३० साली कायदा करून त्यांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकलण्याचे धोरण ठरले. १८३८-३९ मध्ये चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात पायी नेले, वाटेत हजारो मेले. त्यांच्या जमिनीवर कापूस उभा राहिला आणि तो वेचायला काळे गुलाम आणले गेले. एकाची जमीन लुटायची, दुसऱ्याचे श्रम लुटायचे, आणि याला प्रगती म्हणायचे!

गुलाममालकांना नवी जमीन का हवी होती? कापसाने जुनी जमीन थकत होती, हे एक कारण. दुसरे कारण सत्तेचे. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा. नवी राज्ये गुलामीमुक्त झाली, तर दिल्लीसारखी तिथली राजधानी हातातून गेली. म्हणून प्रत्येक नव्या प्रदेशावर भांडण झाले आणि प्रत्येक भांडणावर तडजोड झाली. १८२० साली मिसुरी तडजोडीने नकाशावर रेघ ओढली. १८४८ साली मेक्सिकोला हरवून कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख घेतला. १८५० च्या तडजोडीत कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले, पण बदल्यात पळालेला गुलाम उत्तरेतूनही पकडून परत देण्याचा कडक कायदा आला. १८५४ साली कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने जुनी रेघच पुसली आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडले. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की काळा माणूस नागरिकच होऊ शकत नाही.

या सगळ्या तडजोडींत एक गोष्ट समान आहे. ज्यांच्या आयुष्याचा सौदा होत होता, ते टेबलावर नव्हते.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारे सगळेच काळ्यांचे मित्र नव्हते. अनेकांना नवी जमीन फक्त गोऱ्या शेतकऱ्यांसाठी हवी होती. लिंकन १८६० साली निवडून आला तो गुलामगिरी लगेच नष्ट करण्याच्या नव्हे, तर तिचा विस्तार रोखण्याच्या भूमिकेवर. तेवढ्यानेही मालकवर्ग इतका बिथरला की त्याने देश फोडला. विस्तार थांबला की ही व्यवस्था संपते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढच्या युद्धात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट टबमन स्वतः गुलामीतून पळून आलेले होते. मुक्ती वरून पडली नाही, गुलामांनी ती ओढून आणली.

आता पुण्याकडे येऊ. मेक्सिकोचा मुलूख अमेरिकेने घेतला त्याच १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. अमेरिकेत १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. आठच वर्षांनी 'गुलामगिरी' आली आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. साता समुद्रापलीकडची लढाई जोतीरावांनी आपली मानली. तिथे बेडी लोखंडाची होती, इथे ती धर्मग्रंथाची आहे, हे त्यांनी ओळखले. त्या युद्धाची झळही इथे पोहोचली होती. अमेरिकेचा कापूस बंद झाला तेव्हा इथे भाव चढले, युद्ध संपताच कोसळले. कर्ज आणि वाढलेला सारा यांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांची खतपत्रे जाळली. १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. माणसाच्या मुक्तीचा प्रश्न जमिनीपाशी येतो, हे त्यांना दिसले होते.

अमेरिकेची मुक्ती अडली ती नेमकी इथेच. १८६२ च्या कायद्याने पश्चिमेत वसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळत होती, तिचा फायदा मुख्यतः गोऱ्यांना झाला. मुक्त झालेल्या काळ्यांसाठी जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. लिंकनच्या हत्येनंतर आलेल्या जॉन्सनने त्याच वर्षी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. काल गुलाम होता तो आज त्याच मालकाच्या शेतावर कर्जबाजारी वाटेकरी झाला.

कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांनी हा धडा नीट वाचला होता. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या वेठीविरुद्ध विधेयक मांडले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी शेतीच्या राष्ट्रीयीकरणाची आणि पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. तडजोड कोणाच्या जिवावर होते, हे तर त्यांनी २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात स्वतः अनुभवले. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा सत्याग्रह झाला.

आज पुणे पसरते आहे. २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे महापालिकेत आली. आपल्यासाठी हाच तो 'पश्चिमेकडचा विस्तार'. या गावांत कोणाच्या जमिनी आहेत? १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि रक्कम भरून घेऊन जमिनी वतनदारांना अटींवर परत देण्याची तरतूद झाली. ज्यांना रक्कम भरता आली नाही, त्यांचे काय झाले? ज्यांच्या आजोबांनी दोन वेळच्या भाकरीसाठी कागदावर अंगठा दिला, त्यांच्या जमिनीवर आज कोणाचे टॉवर आहेत? आणि गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याला 'अतिक्रमणधारक' म्हणणारे, बिल्डरला काय म्हणतात?

अमेरिकेचा इतिहास आपल्याला हे सांगतो की कायद्याने बेडी तुटते, पण जमीन हातात नसेल तर माणूस त्याच वाड्याच्या दारात परत येतो. म्हणून जयंतीच्या मिरवणुकीइतकाच वेळ तहसील कार्यालयातही गेला पाहिजे. आपल्या गावाचा जुना सातबारा, फेरफार, वतनाची नोंद काढा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, कोणता गट कोणाकडे होता. तरुण वकिलांनी एका गावाची तरी कागदपत्रे तपासून द्यावीत. पुढची तडजोड होईल तेव्हा आपण टेबलावर असू, आणि हातात कागद असेल.

जय जोती! जय भीम!