बाळगोळी आणि मृत्यूची नोंदवही

अफू म्हटली की आपल्यापुढे चीनचे युद्ध उभे राहते, माळव्याहून मुंबई बंदरात येणाऱ्या पेट्या उभ्या राहतात. त्या पेट्यांचा हिशेब इतिहासकारांनी पै-पैने मांडला आहे. परंतु त्याच अफूचा एक कण गिरणगावच्या चाळीत तान्ह्या मुलाच्या तोंडात पडत होता, त्याचा हिशेब कोणत्याच वहीत धड सापडत नाही. त्या कणाला बाळगोळी म्हणत. आजीबाईंची बाळगुटी निराळी. ती वेखंड-मुरडशेंगेची उगाळ. बाळगोळीचा गुण अफूचा.

बाई दहा-अकरा तास गिरणीत. घरी मुलाजवळ एखादी म्हातारी, नाहीतर सात-आठ वर्षांची बहीण. गोळी दिली की मूल निजे. १९२१ साली मुंबई सरकारने कामगार स्त्रियांच्या पाहणीसाठी डॉ. बार्न्स या बाईंची नेमणूक केली. अशा स्त्रियांच्या ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नमूद केले. याला व्यसन म्हणावयाचे असेल तर ते मुलाचे नव्हे, आईचेही नव्हे. ते गिरणीच्या वेळापत्रकाचे होते.

आता मृत्यूची वही पाहा. अफूने मूल दोन रीतींनी जाते. गोळी जड झाली तर श्वास मंदावतो आणि थांबतो. हे मरण ठळक; कोणी चौकशी केलीच तर विषबाधा म्हणून नोंदले जाते. दुसरी रीत संथ आहे. भूक मरते. मूल रडत नाही, म्हणून त्याला कोणी पाजत नाही. ते वाळत जाते आणि पहिल्याच खोकल्याला बळी पडते. वहीत लिहिले जाते ‘अशक्तता’, ‘आकडी’ किंवा ‘श्वासविकार’. अफूचे नाव कोठेच नाही.

मग हे मरण मोजावयाचे कसे? इंग्लंडात हा प्रश्न पूर्वीच पडला होता. तेथे १८३७ पासून मृत्यूची सक्तीची नोंद सुरू झाली आणि विल्यम फार यांनी त्या आकड्यांना बोलते केले. तुलना करता एक चमत्कारिक गोष्ट दिसली. विझबीच हा सपाट शेतीचा मुलूख. ना धूर, ना भोंगा. तरी तेथे वर्षाच्या आतील एक लाख मुलांमागे मृत्यू २६,००१, आणि धुराने काळवंडलेल्या मँचेस्टरात २६,१२५! डॉ. हंटर यांनी तिकडच्या खेड्यांतून चौकशी केली. त्यांचा अहवाल १८६४ चा. बाया टोळ्यांनी शेतावर राबत होत्या आणि मागे राहिलेल्या मुलांना अफूचे औषध पाजले जात होते. मरणाच्या कारणांचा रकाना मुका राहिला. दोन गावे शेजारी मांडली तेव्हा खरे उघडले. १८६८ च्या कायद्याने अफूच्या विक्रीवर बंधन आले; मात्र पेटंट औषधे त्यातून सुटली.

मुंबईत हीच तुलना करावयाची तर सावधगिरी हवी. १९२१ साली शहरातील बालमृत्यू हजार जन्मांमागे ६६६ असा आकडा दिला जातो. तो जसाच्या तसा घेऊन चालत नाही. बाई बाळंतपणाला कोकणात जाई, जन्म तिकडे. मूल घेऊन ती चाळीत परते, मृत्यू मुंबईत. भागाकाराचा खालचा आकडा खोटा पडला की वरचा भयंकर दिसतो. तथापि आकडा फुगलेला होता म्हणून मुले मरत नव्हती असे नव्हे. गिरणीमालकांच्या बाजूच्या मंडळींना ही सबब फारच सोयीची होती, एवढे मात्र खरे.

गोळीवर नुसती बंदी घालून भागले नसते, कारण तिची जागा घेणारे माणूस घरी नव्हते. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले प्रसूतिविषयक विधेयक फेटाळले गेले. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात अशाच विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. बाळंतिणीला काही आठवडे पगारी घरी राहता येऊ लागले. त्यानंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. कामावरून गेलेल्या त्या बायकांच्या मुलांचे पुढे काय झाले, यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता.